गणपतीच्या आत

तारखांच्या बाबतीत मी खडूस आहे, हे आमच्या हॉस्पिटलात शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात बिलाच्या खिडकीमागे माझी बावीस वर्षं गेली. पेशंट कधी आला, ऑपरेशन कधी झालं, घरी कधी गेला, हे नातेवाईक आपापल्या परीनं सांगतात. कुणी म्हणतं, "आंब्याची पहिली पेटी गेली ना, त्याच्या आदल्या दिवशी." कुणी म्हणतं, "आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा." मी चष्म्याच्या वरून बघते आणि म्हणते, "सत्यनारायण माझ्या कॉम्प्युटरात बसत नाही, तारीख सांगा." माणसं ओशाळतात आणि मला मनातल्या मनात बरं वाटतं. ही घमेंड आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते मला एवढं लागलं ते तिच्यामुळेच.

दोनतीन वर्षांपूर्वीची गोष्ट. होळीच्या आदल्या दिवशी एक पेशंट आला. चाळिशी ओलांडलेला, जयगडच्या बाजूला एका ठेकेदाराकडे वेल्डिंगचं काम करणारा. आधीची बरीच वर्षं मुंबईत काढून तो गावाकडे परतला होता. शिमग्यासाठी म्हणून मोटरसायकलवरून घरी निघाला आणि वाटेत एका ट्रकनं त्याला मागून उडवलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि खुब्याचा पार चुरा झाला होता. त्याच्याबरोबर त्याची बायको होती. तिचं गाव हातखंब्याच्या पुढे आत कुठेतरी. जेमतेम चौथीपर्यंत शिकलेली, पण घाबरून कुणाच्या तोंडाकडे बघत बसणारी नव्हे. पंचवीसएक दिवस ती आमच्या वऱ्हांड्यात बाकावर राहिली, बाकावरच झोपली.

मोठ्या डॉक्टरांनी घरी सोडताना तिला सरळ सांगितलं, की हाड जुळेल, पण खुबा वर्षाच्या आत बदलावा लागेल. नाही बदलला तर कुबड्या जन्माच्या. वेल्डिंगवाला म्हणजे शिडीवर चढणारा माणूस, कुबड्या घेऊन तो कुठे चढणार? पहिल्याच ऑपरेशनला घरातलं होतं नव्हतं ते गेलं होतं, तिच्या बांगड्यांसकट. आता दुसऱ्या ऑपरेशनला एकच वाट उरली होती. ट्रकचा विमा होता. अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी कोर्टात अर्ज करायचा आणि जे मिळेल त्यातून खुबा बदलायचा.

अपघाताच्या पेशंटांना हे मीच समजावते. ते माझं काम नव्हे, पण बिलं माझ्याकडची लागतात, त्यामुळे प्रश्नही मलाच विचारले जातात. तिलाही सांगितलं, की सगळी बिलं जपून ठेवा, औषधांचीसुद्धा. आणि मुदत सांभाळा. पूर्वी अशी मुदत नव्हती, आता कायदा बदललाय. अपघात झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज गेला नाही तर हक्कावर पाणी सोडायचं.

"सहा म्हयने म्हंजे कवापर्यंत, मॅडम?" तिनं विचारलं. "माझा दीर मुंबईस असतो. तो गणपतीला येनार. तोच वकिलाकडं नेल."

खिडकीबाहेर रांग होती. मी मनात हिशेब केला. शिमगा ते गणपती, साडेपाच महिने. आमच्याकडे कुणीही डोळे मिटून सांगेल. वाटलं, हिला तारीख सांगण्यापेक्षा हिच्या भाषेत सांगावं, म्हणजे पक्कं लक्षात राहील. म्हटलं, "गणपतीच्या आत अर्ज गेला पाहिजे. दिराला दोन दिवस आधी बोलावून घ्या, म्हणजे झालं."

तिनं मान डोलावली. जन्मभर लोकांना तारखेवरून टोकणारी मी, त्या दिवशी तारीख न सांगता सण सांगितला, आणि वर स्वतःच्या समजूतदारपणावर खूश झाले.

त्यानंतर पाऊस सुरू झाला, साथीचे ताप आले, आमच्या खिडकीवर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ते दोघं माझ्या डोक्यातून गेले.

ऑगस्ट संपत आला की आमच्याकडे एकच युद्ध पेटतं, ते म्हणजे गणपतीच्या रजेचं. कोकणातल्या हॉस्पिटलात गणपतीत कोण राहणार यावरून भावासारखी माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. एका शनिवारी मी माझा रजेचा अर्ज भरायला घेतला. 'कधीपासून कधीपर्यंत' या चौकटीत तारीख घालायची म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं, तर गणपती सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. मी म्हटलं, एवढा उशिरा कसा? शेजारची नर्स म्हणाली, "अहो, यंदा अधिक श्रावण नाही का झाला?"

अधिक महिना मला माहीत नव्हता असं नाही. घरी जावयाला वाण दिलं होतं, अनारसे केले होते. पण अनारसे एका डोक्यानं केले आणि तो शब्द दुसऱ्या डोक्यानं दिला होता. हातातलं पेन तसंच राहिलं. होळीच्या आदल्या दिवसापासून सहा महिने म्हणजे सप्टेंबरचा पहिला आठवडा, आणि गणपती त्याच्या दोन आठवडे पुढे. मी केसपेपर उघडून दाखल झाल्याची तारीख पाहिली. मोजून दहा दिवस उरले होते, आणि ती बाई तिकडे माझ्या शब्दावर गणपतीची वाट बघत बसली होती. 

फाईलवर फोन नंबर होता तो दिराचा. मुंबईत रिंग गेली. मी सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, मी गणपतीला येतोयच की. त्याच्याआधी सुट्टी मिळणार नाही." गणपतीपर्यंत थांबलात तर सगळं बुडेल, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "पोलिसांचे कागद गावीच आहेत, वहिनीला सांगा." वहिनीचा फोन लागत नव्हता. त्या गावात रेंज मिळवायची तर म्हणे काजूच्या बागेपर्यंत चढून जावं लागतं.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी स्वतःच गेले. घरी कुणाला खरं कारण सांगितलं नाही, लाज वाटत होती.

घर सापडायला वेळ लागला नाही. पडवीत तो माणूस पाय लांब करून बसला होता आणि वाडीतल्या लोकांच्या मोडक्या छत्र्या दुरुस्त करत होता. बाजूला कुबड्या टेकवलेल्या. मला बघून तो उठायला गेला, मी हातानंच बसवलं. ती मागच्या दारानं गवताचा भारा टाकून आली, हातपाय धुतले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मी एका दमात सांगून टाकलं, की गणपतीपर्यंत थांबता येणार नाही, याच आठवड्यात अर्ज जायला हवा. कारण मात्र गिळलं. म्हणाले, "मुदत जवळ आलीय."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं."

मग मी बिलं मागितली. ती चुलीपाशी गेली आणि वरच्या आढ्याला टांगलेली एक पिशवी सोडवून घेऊन आली. दोडक्याचं, काकडीचं बी आमच्याकडे चुलीच्या वर धुराला टांगतात, म्हणजे पावसाळ्यात दमट होत नाही, कीड लागत नाही. तिनं बिलंही त्याच मायेनं तिथं टांगली होती. मी पिशवी उघडली. हॉस्पिटलचं मोठं बिल होतं ते ठीक होतं, पोलिसांचे कागदही. पण औषधांच्या दुकानाची बिलं त्या गुळगुळीत, मशिनीतून निघणाऱ्या कागदावरची. त्या कागदाला ऊन आणि आच सोसत नाही. काही बिलं काळी कुळकुळीत झाली होती, काहींवर नुसती फिकट रेघ उरली होती. पन्नासएक तरी असतील. एकही वाचता येत नव्हतं.

तो माणूस छत्रीची काडी हातात धरून बघत राहिला.  ती हळूच म्हणाली, "सुकी ऱ्हावीत म्हनून ठेवलंव."

मला तिच्यावर चिडताही येईना. मी काय सांगितलं होतं? जपून ठेवा. तिला जपणं जसं येत होतं तसं तिनं जपलं होतं.

सोमवारी मी दिवसभराची रजा टाकली. ती पहिल्या गाडीनं आली आणि आम्ही दोघी हॉस्पिटलसमोरच्या औषधाच्या दुकानात गेलो. मालक माझ्या ओळखीचा. त्याला सगळं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. "ताई, बिलं कॉम्प्युटरात आहेत. पण घाईत आम्ही पेशंटचं नाव घालत नाही, नुसतं 'रोख' लिहितो. रोजची तीनतीनशे बिलं असतात. दिवस आणि औषध कळलं तर शोधता येईल. नाहीतर गवतात सुई." मग तिच्याकडे वळून, जरा चेष्टेनंच म्हणाला, "सांगा वहिनी, कुठल्या दिवशी काय नेलंत?"

ती स्टुलावर बसली. पदर सारखा केला. म्हणाली, "होमाच्या दुसऱ्या दिसापास्नं सांगू?"

होम म्हणजे होळी. माझ्या ओठांवर ते नेहमीचं वाक्य आलं होतं, तारीख सांगा म्हणून. नशीब, बोलले नाही.

"पयल्या दिशी पालखी सहाणेवरच व्हती," ती म्हणाली. "त्या दिशी सकाळी ऑपरेशनचं सामान. दोन पिशव्या भरून. हातमोजे, दोरा, सलायनी धा. दुपारी परत चिठ्ठी दिलान, रक्ताची नळी आनि दोन इंजेक्शनं. दुसऱ्या दिशी पालखी गुरववाडीत. त्या दिशी ह्यांना ताप चढला. सकाळी सहा इंजेक्शनं आनलंव, लाल झाकनाची. चार दिली, दोन राहिली, ती सांजच्याला परत केलंव."

मालकानं बटणं दाबली. पडद्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. सहा इंजेक्शनं सकाळची होती, आणि संध्याकाळी दोन परत घेतल्याची नोंदही होती.

"पुढं सांगा," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

ती सांगत गेली. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आधी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर बसते आणि होळीनंतर गावभर फिरते. कुठल्या दिवशी कुठली वाडी, त्या वाडीत आधी कुणाचं घर, मग कुणाचं, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. ती आमच्या वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून होती, पण मनानं पालखीबरोबर घरोघर फिरत होती. आज देवी वरच्या वाडीत, आज तेल्याच्या अंगणात. आणि त्या प्रत्येक दिवसाला तिनं नवऱ्याचा ताप, ड्रेसिंग, चिठ्ठी आणि औषध बांधून ठेवलं होतं. पालखी देवळात परत गेल्यावर पाडवा, त्यानंतर पेरणीआधी शेत भाजायची भाजावळ, मग रामनवमी. मी कागदावर पालखीच्या दिवसांपुढे तारखा मांडत होते, मालक शोधत होता, आणि एकामागून एक बिलं छापून बाहेर पडत होती. दुकानातली मुलगीसुद्धा गिऱ्हाईक सोडून ऐकत उभी राहिली. मी बावीस वर्षं आकड्यांत काढली, पण माणसाच्या डोक्यात दुःख इतकं नीट लावून ठेवता येतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा येत होता आणि मी तो दंड चोळून लपवत होते.

एका ठिकाणी मात्र अडलं. "पालखी आमच्या घरात आली, त्या दिशी," ती म्हणाली. "मी पहाटं गावी गेले, देवीची ओटी भरलंव आनि दुपारच्या गाडीनं माघारी आले. आल्या आल्या कमरेचा पट्टा आनि पावडरीचा डबा नेलंव."

मालकानं तो दिवस वरपासून खालपर्यंत बघितला. पट्टा नव्हता. आदला दिवस बघितला, नंतरचा बघितला. "वहिनी," तो जरा नरमाईनं म्हणाला, "एवढं सगळं बरोबर आलं, एखादं चुकायचंच."

"चुकलं नाय," ती म्हणाली. "त्या दिशी तुमची लाईट गेली व्हती. तुमी हातानं लिवलात, पावती फाडायची ऱ्हायली. निळ्या पुस्तकात."

 मालक स्टूल घेऊन वर चढला आणि फळीवरून एक धूळ बसलेलं बिलबुक काढलं. निळ्या पुठ्ठ्याचं. पानं उलटली. त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, कमरेचा पट्टा एक, पावडर एक. त्यानं ते पान माझ्यापुढे धरलं, मग तिच्यापुढे धरलं, आणि का कोण जाणे, स्टुलावरून उतरल्यावर तिला हात जोडले. ती संकोचून दुसरीकडे बघायला लागली.

पिशवीत काळी पडलेली बिलं होती, निळ्या पुस्तकातली पावती सोडली तर तेवढीच नवी बिलं संध्याकाळपर्यंत हातात आली. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मी दोनदा मोजली. खोटं सांगत नाही, दुसऱ्यांदा मोजताना मला मोजायची लाज वाटली.

पुढचं काम वकिलांचं. माझ्या ओळखीचे एक म्हातारे वकील आहेत, अपघाताच्या केसेस चालवणारे. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "अर्ज मुदतीत पडला की निम्मी लढाई झाली. खर्चाची यादी इतकी चोख मी फार क्वचित बघतो. कुणी केली?" मी तिच्याकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

शुक्रवारी नवऱ्याला रिक्षानं आणलं. कोर्टाच्या पायऱ्या तो एकेक करून चढला, एका बाजूला कुबडी, दुसऱ्या बाजूला ती. वर पोचेपर्यंत त्याचा शर्ट भिजला होता. वकिलांनी दाखवलं तिथं त्यानं सह्या केल्या. वेल्डिंगवाल्याचा हात, सही कशी कोरल्यासारखी. खिडकीवरच्या माणसानं गठ्ठा घेतला, पानं मोजली, शिक्का मारला आणि पुढची तारीख सांगितली. मुदत संपायला अजून चार दिवस होते. शिक्क्याचा तो आवाज ऐकला आणि मी भिंतीला टेकले.

खाली आवारात वडाखाली चहाची टपरी आहे. नवरा वकिलांजवळ बसला होता, आम्ही दोघी टपरीवर आलो. मला आता राहवेना. केलेली चूक गिळून त्या बाईबरोबर चहा प्यायचा, हे मला जमण्यातलं नव्हतं. म्हटलं, "वहिनी, एक सांगायचंय. मुदत जवळ आली असं मी तुम्हाला सांगितलं, ते अर्धंच खरं. चूक माझी होती. घरी सोडताना मी गणपतीच्या आत म्हणाले, पण यंदा अधिक श्रावण आला, गणपती महिनाभर पुढे गेला. माझ्या ते लक्षातच आलं नाही. मी सांगितल्यासारखं थांबला असतात तर सगळं बुडालं असतं. खुबा गेला असता."

ती चहात बघत होती. म्हणाली, "ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"अधिक श्रावण लागला तवाच. मी पुनवा मोजल्या. शिमग्याच्या पुनवेपास्नं मोजलं तर ह्या नारळी पुनवेला सहा झाल्या. गणपती त्याच्या पुढं. ह्यांना बोलले पन, की सहा म्हयने उलटतात म्हनून."

मला कळेना. जिनं पन्नास बिलं पालखीवरून लावली तिला हे कळलं होतं, नेमकं कळलं होतं. मी विचारलं, "मग थांबलात का? आधी का नाही आलात?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की हा काय प्रश्न झाला.

"तुमी सांगितलात ना, गणपतीच्या आत," ती म्हणाली. "मी म्हटलं, कोर्टातसुदा अधिक म्हयना धरत नसतील. मॅडम रोज हेच काम करतात, त्या काय चुकीचं सांगनार नाय. माझंच मोजायला चुकत असंल."

त्यात टोमणा नव्हता. माझं मन राखावं म्हणूनही ती बोलत नव्हती. तिला जसं वाटलं होतं तसं सांगत होती. नवऱ्याचा पाय, घराची भाकरी, सगळं एका पारड्यात होतं, आणि स्वतःचं बिनचूक मोजणं तिनं माझ्या एका सहज फेकलेल्या शब्दापुढे खोटं ठरवलं होतं. बावीस वर्षं मी त्या खिडकीतून असे शब्द देत आलेय. रांग लांब असते, डोकं तापलेलं असतं, तोंडाला येईल ते सांगते. ते शब्द घेऊन माणसं एसटीत बसतात, घरी जातात आणि त्यांच्यावर विसंबून राहतात. मला तिच्यापुढे बसवेना. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी वाटते तशी भीती वाटली, आणि डोळे भरून आले ते आवरता आले नाहीत.

तिनं माझ्या हातातला रिकामा पेला काढून घेतला, आपल्या पेल्यात घातला आणि बाजूला ठेवला. मग विचारलं, "पुढची तारीख कंची म्हनाला तो, मॅडम?"

मला तारीख पाठ होती. तरी मी उठले आणि पायऱ्या चढून खिडकीवर परत विचारायला गेले.